रविवारी अडणारा कॉम्प्युटर

रविवार, २९ एप्रिल
आजही अडला! मारिबेल पडद्यावरून सांगत होती, "आई, इथं स्पेनमध्ये ना—" आणि पोरीचं तोंड उघडंच राहिलं. माउस हलेना, आवाज नाही. मी बटण दाबून बंद करायला निघालो तर बायकोनं, सोइलानं, हात धरला. "थांब ना जरा, म्हातारबा. सुटेल आपोआप." कसलं सुटतंय! पोरीला आठवड्यातून एक सुट्टी, त्यातही हे. फोनवर सोइलाला नीट दिसत नाही, म्हणून तर लेकीनं जाताना हा मोठ्या पडद्याचा घेऊन ठेवला.
तेरा तारखेला मदर्स डे. त्या दिवशी अडला तर खिडकीतून फेकणार!

बुधवार, २ मे
गल्लीतल्या एडिसनला बोलावलं. त्यानं कॉम्प्युटरची पेटी उघडली, धूळ उडवली, मेमरी बदलली, दुपारभर गाणी लावून ठेवली. एकदाही अडला नाही. "विल्सनकाका, याला काही झालेलं नाही. तुमच्या मुलीला लाजतो वाटतं!" मोठा विनोदी.

गुरुवार, ३ मे
दिवसभर चालू ठेवला. मस्त चालतो. म्हणजे फक्त रविवारीच अडतो. देवाला घाबरतो की काय?

रविवार, ६ मे
सापडलं!
आज आधीपासून मागं बसून पाहत होतो. चर्चमधून आल्या आल्या सोइलानं पाहुण्यांसाठी राखलेला विणलेला रुमाल काढला आणि पेटीवर घातला, चारी बाजूंनी खालपर्यंत. त्यावर ताटली, ताटलीत मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळलेले वाफाळते तमाल, मारिबेलच्या आवडीचे, कोंबडीचे. शेजारी कॉफी. "पोर घरी येते. तिच्यापुढं काहीच ठेवू नको?"
गरम हवा बाहेर जायची जाळी नेमकी वरच आहे. त्यावर कापड, कापडावर गरम तमाल! गुदमरणार नाही तर काय? पोर गेल्यापासून हे चाललंय. नंतर ते तमाल मीच खातो, तरी कधी लक्षात आलं नाही!
हसू आलं.

मंगळवार, ८ मे
रुमाल काढ म्हणायचा धीर झाला नाही. त्यापेक्षा उंच पायांचा लाकडी पाट केला. पेटी खाली मोकळी, रुमाल-ताटली वर. "हे काय?" "तुझ्या तमालांचं सिंहासन!" हसली नाही. का कोण जाणे.

रविवार, १३ मे
एकदाही अडला नाही!! तासभर बोललो. मारिबेल हसली, रडली, नवी खोली दाखवली. मग "ठेवते हं आई" – आणि पडदा काळा.
सोइला तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "अडायचा ना, तेव्हा ती जायची नाही रे. तू बटण दाबेपर्यंत इथंच असायची."
म्हटलं, फोटो काढून देतो.
"फोटो ढीगभर आहेत. ही माझ्याशी बोलता बोलता थांबलेली असायची."
गार झालेले तमाल दोघांनी तसेच खाल्ले.

रविवार, २० मे
आधी पोटभर बोलू दिलं. मग पाट हळूच काढून घेतला. रुमाल सरळ पेटीवर, वर गरम ताटली. निरोपाला मारिबेलनं हात वर केला तो तिथंच राहिला.
मी बटण दाबलं नाही.