नुसतं पाणी

११ फेब्रुवारी १९०८

पोचलो एकदाचा! धारेहून इथवर गाडीत हाडं खिळखिळी झाली, पण मन ताजंतवानं आहे. हाटपिपल्याला नरसिंहाच्या देवळापाशी खंडोजी माळी मला न्यायला आला होता. वाटभर तो गाडीवानाला बजावत होता, "देखके चल भिया, मास्तरसाहेबांच्या शिश्या हैत, फुटल्या तो बाईसाहेब माझी चामडी काढतील." एकही बरणी फुटली नाही. त्याची चामडी आणि माझी अब्रू दोन्ही शाबूत आहेत.

बागलीच्या वाटेवरचं हे गाव लहानसं आहे. जहागीरदारीण भवानीबाईसाहेब विधवा आहेत. त्यांच्या वाड्यामागच्या बागेत मला दोन खोल्यांची बंगली मिळाली आहे. धारेच्या शाळेत मी मातीशिवाय बाटलीतल्या पाण्यात गहू वाढवून दाखवला, तेव्हा हेडमास्तर म्हणाले होते की मोरोपंत, हे गारुड्याचे खेळ सोडा आणि पोरांना पाढे शिकवा. त्याच गव्हाची गोष्ट बाईसाहेबांच्या कानी गेली आणि गारुड्याला बोलावणं आलं.

काम एवढंच की मातीशिवाय तुळस जगवायची. त्यांची एकुलती एक मुलगी कुसुमावती गेल्या वैशाखात तापाने गेली. पोर नऊ वर्षांची होती. तिने हाताने लावलेली वृंदावनातली तुळस तेव्हापासून वाळत चालली आहे. माती बदलली, शेणखत घातलं, नवस झाले, आता एक फांदी तेवढी हिरवी उरली आहे. बाईसाहेब पडद्याआडून बोलल्या. आवाज करडा होता, पण तुळस म्हणताना मध्येच थांबला.

तुळस जगली तर मला इथे कायमची जागा आहे. मग माझ्या सुभीला धारेहून आणता येईल. तिची आई गेल्यापासून ती माझ्या वहिनीकडे असते, आणि वहिनी तिच्या पानातल्या पोळ्या मोजते. पोर आठ वर्षांची झाली आणि मागून खायला लाजायला लागली आहे.

२४ फेब्रुवारी

हिरव्या फांदीचे तुकडे बरण्यांत ठेवले होते, त्यांना मुळं फुटली! पांढरीशुभ्र, दोऱ्यासारखी. मी खंडोजीला मिठी मारली, तो बिचारा घाबरला.

झाडाचं खाद्य म्हणून पाण्यात शोरा, चुन्याचा एक क्षार, जुलाबाचं विलायती मीठ, थोडं फॉस्फेट आणि हिराकशीचा नुसता कण, एवढंच घालतो. खरी मेख प्रमाणात आहे. माझ्याजवळ काचेचा तरंगता मापक आहे. पाणी कडक झालं की तो वर उचलला जातो. शिवाय मी थेंबभर जिभेवर ठेवून बघतो. चव जेमतेम लागावी, खारट लागता कामा नये. खंडोजी म्हणाला, मास्तरसाहेब, जास्त घातलं तो जल्दी वाढेल ना? मी म्हटलं, बाबा रे, अति तेथे माती, आणि इथे तर ती घालायलाही माती नाही. माझ्याच विनोदावर मी बराच वेळ हसलो.

१५ मार्च

रोपं आता वृंदावनाजवळच्या दगडी हौदात हलवली आहेत. हौदावर भोकं पाडलेली फळी आहे. पाण्याला उजेड लागला की शेवाळ धरतं, म्हणून फट ठेवलेली नाही. मुळं अर्धी पाण्यात आणि अर्धी हवेत ठेवली, कारण त्यांनाही श्वास लागतो.

घरातली मोलकरीण बकुळा हिला एक गोष्ट बजावून सांगितली. पाणी खाली गेलं की भर घालायची ती साध्या पाण्याची. झाड पाणी पितं आणि मीठ मागे ठेवतं. वर पुन्हा मिठाचंच पाणी ओतलं तर हौद दिवसेंदिवस कडक होत जाईल, आणि मग पाण्यात उभं राहून झाड तहानेनं मरेल. मिठाचं पाणी मुळांतलंच पाणी ओढून घेतं. बकुळाने मान डोलावली. तिला कितपत समजलं देव जाणे.

१ एप्रिल

सुभी आली! गाडीतून उतरली ती थेट माझ्या कमरेला बिलगली. नाना, इथे मागून खाल्लं तर चालतं का, असं तिने कानात विचारलं. मी हो म्हटलं आणि आत जाऊन डोळे पुसले.

तिची खोड अजून गेलेली नाही. आधी गुळाचा खडा हातात पडला पाहिजे, त्याशिवाय ती पाण्याला तोंड लावत नाही. तिच्या आईनेच ही सवय लावली.

तुळशी डवरल्या आहेत. फक्त पाणी फार लवकर खाली जातं. ऊन तापलं आहे, त्यामुळे असेल.

९ एप्रिल

आज फळी उचलली तर आंबूस वास आला. मुळांवर बुळबुळीत थर चढला होता. बोट चाटून पाहिलं तर पाणी गोड लागलं! बकुळाला दरडावलं तेव्हा ती रडायला लागली. बाईसाहेब स्वतः रोज भर दुपारी येतात आणि गूळपाणी ओततात, असं तिने सांगितलं.

रागारागात वाड्यावर गेलो. बाईसाहेब पडदा सारून पुढे आल्या. पांढऱ्या लुगड्यातली ती बाई पाहून माझा राग तिथेच जिरला. त्या म्हणाल्या, "मास्तर, उन्हातून आलेल्याला कोणी नुसतं पाणी देतं का? परकं माणूस आलं तरी आपण आधी गूळ पुढे करतो. माझी तर पोर आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तापात वैद्यांनी पाणी बंद केलं होतं. पाण्याने ताप उलटतो असं ते म्हणाले. कुसुम "माई, नुसतं पाणी द्या, गूळसुद्धा नको" म्हणत राहिली आणि बाईसाहेब तिचा हात धरून नाही म्हणत राहिल्या. देवघरात गंगेचा गडू होता. पण गडू फोडायचा तो शेवटच्या घटकेला. तो फोडला असता तर पोर जाणार हे कबूल केल्यासारखं झालं असतं. त्यांच्याने तेही झालं नाही. तुळशीचं पान नाही, गंगेचा थेंब नाही, पोर कोरड्या तोंडाने गेली.

गडू अजून तसाच आहे. तांब्याचा, तोंडाला कथलाचा डाक लावून बंद केलेला. त्यांनी तो कानाशी हलवून मला ऐकवला. आत पाणी डुचमळत होतं.

१० एप्रिल

मुळं धुतली, हौद घासला, नवं पाणी केलं. गूळपाणी बंद करायला बाईसाहेब कबूल झाल्या, पण एका अटीवर. हौदात नुसतं पाणी कधीच पडायचं नाही. काही ना काही घातलेलंच हवं. त्यांनी पदर पसरला. मला नाही म्हणवलं नाही.

म्हणून आता भरही शोऱ्याच्या पाण्याचीच घालायची. मी अर्ध्या ताकदीने घालीन. मापकावर नजर ठेवीन. एका आईचं मन राखायला एवढं चालेल.

१८ एप्रिल

हौद रोज दुपारी अर्धा होतो. फळी घट्ट बसलेली असते, बाहेर ओल नसते, दगडाला भेग नाही. रोज भर घालावी लागते आणि मापक रोज थोडा वर येतो. पानांची टोकं तपकिरी झाली आहेत, जळल्यासारखी.

सगळं पाणी बदलायला हवं, हे मला कळतं. बाईसाहेबांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या की पोर पितेय, मास्तर, इतकं पितेय, आणि तुम्ही तिच्या पुढ्यातलं काढून घेता? त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा हसू दिसलं, असं बकुळा म्हणते. मी परत आलो आणि पाणी तसंच ठेवलं.

२३ एप्रिल

घरातल्या घागरी रिकाम्या होताहेत. सकाळी भरलेली घागर दुपारी ठणठणीत. बकुळाला वाटलं मांजर असेल. मांजर घागरभर पाणी पितं होय?

सुभीचे ओठ फुटले आहेत. तिने आज मला सांगितलं की हौदाच्या फळीवर एक मुलगी बसते. तिच्याएवढीच आहे. दुपारीच येते. सुभीने तिला आपला गुळाचा खडा देऊ केला तर तिने नको म्हटलं. सुभी म्हणाली, नाना, ती सांगते की हौदातलं सगळं खारट आहे. प्यायलं की आणखी तहान लागते.

मी मापक सोडून पाहिला. तो उडी मारून वर आला आणि आडवा पडला.

देवा, मी काय केलं! तहानेनं गेलेल्या लेकराला मी दोन आठवडे मीठ पाजलं.

२४ एप्रिल

बाईसाहेबांना विचारलं नाही. हौद उपसला. साधं पाणी ओतलं, घागरीमागून घागर. तळाला पोचायच्या आत ते दिसेनासं होतं. दगड ओलासुद्धा होत नाही. तुळशी माना टाकून उभ्या आहेत. मुळं काळी पडली आहेत.

हे पाणी तिला पुरत नाही. इतकं मीठ धुऊन काढायला किती पाणी लागेल?

२६ एप्रिल

विहीर तळाला गेली. शेजारच्या मळ्यातली भरलेली आहे, खंडोजी तिथून पखाल आणतो, पण बागेच्या फाटकात येईतो कातडं कोरडं. काल त्याचा एक बैल फाटकातच बसला आणि मेला. जीभ बाहेर आलेली, काळी.

बकुळा गेली. जाताना सुभीला बरोबर नेते म्हणाली. नेऊ द्यायला हवं होतं. पण सुभीचं अंग तापलं होतं आणि मला वाटलं, उन्हात कुठे—

२७ एप्रिल

ताप वाढला. वैद्य आले. तेच वैद्य. नाडी पाहिली आणि म्हणाले, पाणी बंद. मला हसू आलं, फार वाईट हसलो. म्हटलं, वैद्यबुवा, आहे कुठे पाणी?

खंडोजी उरलेला बैल जुंपून नदीवर गेला आहे. सुभीला इथून हलवायचं म्हणून मी उचललं, तर फाटकाजवळ तिचा श्वासच अडकला. परत आणली.

तिचे डोळे कोरडे आहेत. रडते, पण पाणी येत नाही.

२८ एप्रिल, सकाळ

खंडोजी आला नाही.

सुभीने मला हाक मारली. "माई," म्हणाली. तिने आयुष्यात कुणाला माई म्हटलेलं नाही. मग "नाना" म्हणाली. मग पुन्हा—

बाईसाहेब दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ती हाक ऐकली. खालीच बसल्या.

२८ एप्रिल, दुपार

बाईसाहेबांनी गडू आणला आहे. सगळ्या घरात तेवढंच पाणी आहे. डाक लावलेलं, म्हणून राहिलं. त्या म्हणाल्या, तेव्हा माझा हात उठला नाही, आता उठू दे. कानशीने डाक घासताहेत. मी पुन्हा पुन्हा गडूला हात घालतो, म्हणून त्यांनी मला दूर बसवलं. तेवढ्यात लिहितो. नाही लिहिलं तर खाटेकडे बघावं लागेल.

गडू फोडायचा म्हणजे सुभी जाणार हे कबूल करायचं. मला कबूल नाही. मला नुसतं पाणी हवं आहे.

खाटेवर चादरीखाली दोघी आहेत.

पाहिलं. दोघी. तोंडं इतकी सुकली आहेत की माझी कोणती ते कळत नाही. बाईसाहेबांनाही त्यांची ओळखता येत नाही. त्या दोन्ही कपाळांवरून हात फिरवून आल्या आणि पुन्हा घासायला बसल्या.

मी विचारलं, बाळ, गूळ देऊ? सुभी असेल ती हो म्हणेल. दोघींनी मान हलवली. गूळ नको नाना. नुसतं—

दोघी नाना म्हणाल्या.

अर्धं अर्धं देईन. दोघींना. कुणाला नाही म्हणणार नाही.

दौत कोरडी पडत चालली. आत्ता भरली होती. ओठाला टाक लावून—

डाक निघाला. बाईसाहेब गडू माझ्या हातात देताहेत. पण हा इतका हलका कसा—