अठ्ठ्याहत्तरची फायनल

प्रिय बॅरी,

आपल्या हॅल्डनवर्थ फुटबॉल क्लबचा शंभर वर्षांचा इतिहास मी लिहितेय. अठ्ठ्याहत्तरच्या फायनलपाशी हात अडला. गोलकीपर तू, आणि मैदानावर आलाच नाहीस. आपण सात गोल खाल्ले. गावाने तुला पळपुटा ठरवलं, बाबांनीही. तू गाव सोडलंस, पण कारण सांगितलं नाहीस.

त्या दुपारी माझ्या पोटातलं मूल जात होतं. मी सतरा वर्षांची, बिनलग्नाची. हॉस्पिटलात मी म्हणाले, "जा ना, मॅच सुरू होईल."

तू म्हणालास, "गप पड. नाहीतरी आज आपण हरणारच होतो. बाबांना काही बोलू नकोस."

मी बोलले नाही. आता सगळं लिहिलंय, माझ्या नावासकट. हे पत्र पाठवत नाही, कारण तू नको म्हणशील. पुस्तक उद्या छापायला जातंय.

तुझी बहीण,
जॅनिस