शहाण्णव किलोंचा रोगी

मये, डिचोली
२२ फेब्रुवारी १९९२

ती. देवकीताईच्या पायांशी धाकट्या अनंताचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे, बेळगावची थंडी ओसरली का, ते आधी कळव. तुझं पत्र पोचलं. किती वाळलास, असं तू विचारलंयस. ताई, आतड्याचा कॅन्सर काढून चार महिने झाले आणि माझं वजन शहाण्णव किलो आहे. आधी अठ्ठ्याण्णव होतं. (त्या दोनांत थोडं आतडंच असणार, ते इस्पितळात राहिलं.)

घरी आलो त्या आठवड्यात अर्धा वाडा बघायला आला. माणसं चेहरा लांब करून पायऱ्या चढत आणि दारापुढच्या बाल्कांवात बाकावर बसलेल्या मला पाहून गोंधळत. एवढी शहाळी घेऊन यावं आणि रोगी असा गोल निघावा, हे कोणाला पटेना. शेजारचा बाबली तर सरळ म्हणाला, "अनंता, तुका कायच जावंक ना." म्हणजे मला काही झालेलंच नाही! मग येणं कमी होत गेलं. वाळलो असतो तर दोन महिने सहज चाललं असतं.

टाके आठव्या दिवशीच उसवले होते. चरबीत टाका धरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग आरोग्य केंद्रातली नर्स सुमंगला चाळीस दिवस रोज घरी येऊन जखम धुवायची. मी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसायचो (तो काढायचाच असे). पट्टीला दहा मिनिटं लागत. मी तिला आहाराचा कागद वाचायला लावून वीस करायचो. (कोंकणी राजभाषा झाल्यापासून कागद कोंकणीतून मिळतो, पण त्यातही भात कमी तो कमीच.) जखम भरली तेव्हा ती खूश झाली. मला मात्र दुसऱ्या दिवशी दाढी कशाला करायची ते सुचेना.

शौचासाठी पोटाला पिशवी लावलीय, हे मी गावात कोणाला सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात देवळात भजनाला बसलो होतो. टाळ थांबले आणि पिशवी बोलली, चांगली लांबलचक. सगळ्यांनी शेजारी बसलेल्या बाबलीकडे पाहिलं. ताई, मीही पाहिलं. त्यानंतर तो संध्याकाळी पत्ते खेळायला यायचा बंद झाला.

तीन आठवडे मी एकटाच पत्ते पिसत बसलो. शेवटी त्याच्या दारात गेलो आणि सदरा वर करून दाखवला. पिशवी, तिच्या बाजूला आता आलेला अंतर्गळाचा फुगा, सगळं. त्याने वाकून नीट पाहिलं. मग म्हणाला, "दुखता रे?" चार महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी सदरा खाली केला. त्याने चहा टाकला, आणि देवळातल्या त्या आवाजाबद्दल दोघंही काही बोललो नाही.

त्याच आठवड्यात तो लेकीकडे हरमलला गेला. तिच्या खोल्या पर्यटकांनी भरल्यात, हाताशी माणूस हवं. मे संपल्यावर परतेल.

तर माझं असं मजेत चाललंय. तू काळजी करू नकोस, आणि त्या गुडघ्याने घाट उतरून येण्याचं तर मनातही आणू नकोस. लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
अनंता

ता. क. अंतर्गळ शिवण्याआधी पंधरा किलो उतरवा, असं डॉक्टर म्हणतात. जेवण अगदी थोडं आहे, असं मी त्यांना सांगितलं. ते खोटं आहे. माझी यशोदा अंथरुणाला खिळल्यापासून मीच रांधतो, आणि हाताला दोघांचंच माप बसलंय. ती जाऊन दोन वर्षं झाली तरी तांदूळ तेवढाच पडतो. तिच्या वाटचा भात टाकवत नाही, म्हणून मी खातो. तू महिनाभर येऊन तो खाल्लास तर बरं होईल.

पुन्हा ता. क. बुधवारी निघ. डिचोलीच्या स्टँडवर न्यायला येतो. गर्दी असली तरी मी दिसेन.