मोकळं कपाळ

प्रिय अक्का,

काल पोस्टमन तुझ्या नावची मनीऑर्डर घेऊन आला. तू गेल्याची खबर त्याला नव्हती. परत पाठवायला कारण काय लिहू, असं त्यानं विचारलं आणि मी म्हणालो, "लिहा, मयत." तो गेला आणि मी ओट्यावर बसून राहिलो. हाच शब्द मी आधी एकदा दाजींच्या नावापुढं लिहिला होता, आणि ते तर बार्शीत दुसरा संसार मांडून खुशाल जगत होते. म्हणून हे पत्र. तुझ्यासमोर बोलायची हिंमत मला कधी झालीच नाही.

त्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडून तुझे हात कामातून गेले. तेवढ्यात निराधार योजनेचं कळलं. तहसिलात कुणीतरी सांगितलं, टाकलेल्या बाईला कोर्टाचा कागद लागतो, विधवेला गावचा दाखला चालतो. दाजी वारल्याची बातमी मीच गावात पसरवली, दाखला आणला, अर्जात 'मयत' लिहिलं आणि तुला म्हणालो, कुंकू पूस.

"त्यो जित्ता हाय की रं बाबू," तू म्हणालीस. "म्या कसं पुसू?"

मी चिडलो. "त्यानं तुला टाकली, अन् तू त्याचं कुंकू लावून मिरवतीस व्हय?"

तू विचारलंस, "लई जड झाले का रं तुला?"

मी नाही म्हणालो नाही, अक्का. घरात भागत नाही असं काहीतरी पुटपुटलो, तुझ्या भावजयीचं नाव पुढं केलं. ती बिचारी तुझ्याविषयी कधी चकार शब्द बोलली नव्हती. मला मस्टर कारकुनाचा पगार होता. तुझ्या दोन भाकरी मलाच जड झाल्या होत्या. लिहितानाही लाज वाटते.

मग संक्रांतीला बायका तुला वगळून वाण देऊ लागल्या. घरात मात्र तू आतल्या खोलीत कुंकू लावायचीस, आणि पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की पदरानं पुसून अंगठा द्यायला बाहेर यायचीस. मला ते दिसायचं. मी हजेरीच्या मस्टरमध्ये डोकं घालायचो. एकदा तरी मला फाडकन बोलली असतीस! इतकं कशाला ऐकलंस माझं?

शेवटच्या आजारात तू एकच मागितलंस. "बाबू, मला मोकळ्या कपाळानं नेऊ नगं." मी मान हलवली. पण बायकांनी तुला आंघोळ घालून पांढरं नेसवलं, तेव्हा दाखला देणारे सरपंच अंगणात उभे होते आणि मला माझी नोकरी दिसली. हिचा मळवट भरा, हिचा नवरा जिवंत आहे, एवढंच बोलायचं होतं. मी तिरडीचे दोर आवळत राहिलो.

दाजींनी तुला टाकलं तेव्हा तुला भाऊ होता. निराधार तुला मी केलं.

उद्या दहावा. लोक म्हणतील, तिची काही इच्छा राहिली असेल तर कबूल कर, म्हणजे कावळा शिवेल. कावळा शिवो न शिवो, नदीवर सगळ्यांसमोर मी सांगणार आहे की दाजी जिवंत आहेत, दाखला खोटा होता, तो मी आणला होता आणि माझी अक्का सवाष्ण गेली. तिथून तसाच तहसिलात जाईन, तिथंही हेच लिहून देईन. नोकरी गेली तर जाऊ दे.

माफी मात्र मागत नाही. तू लगेच माफ करशील.

तुझा धाकटा,
बाबू