बिनस्टँडची सायकल

४ फेब्रुवारी

पडली! पॅसेजमध्ये, या वेळी थेट माझ्या पायावर. नवरा धावत आला, आधी सायकल उचलली, गिअर तपासले, आणि मग – "लागलं का गं?"

पन्नाशीच्या तोंडावर याने माउंटन बाइक घेतली आहे. डोंगर अजून भेटायचाय. सध्या दुधाच्या दुकानापर्यंत चढाई चालू.

६ फेब्रुवारी

स्टँडचा विषय काढला. "माउंटन बाइकला स्टँड नसतं. वजन वाढतं, खडकांवर खडखडतं, झुडपात अडकतं." झुडपात! याच्या वाटेवर झुडूप म्हणजे शेजारणीची कोरफडीची कुंडी. आणि वजनाचं म्हणाल तर स्टँडपेक्षा याचं पोट – जाऊ दे. तोंडावर बोलले नाही, इथे लिहिते.

९ फेब्रुवारी

दिवसभर छापखान्यात प्रुफं तपासायची, लोकांची कोलमडलेली वाक्यं उभी करायची. घरी येऊन सायकल उभी करायची. मग सासूबाईंना. सगळे मलाच टेकतात. मी कुणाला टेकू?

त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला. डॉक्टर आज स्पष्टच म्हणाले – आता चालल्या नाहीत, तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. वॉकर आणून ठेवलाय. जन्मभर नर्स म्हणून दुसऱ्यांना वॉकरवर चालवलं, स्वतःची पाळी आली तर – "तो पिंजरा माझ्यासमोरून हलवा." सध्या त्यावर टॉवेल वाळतो.

१२ फेब्रुवारी

व्यायाम शिकवणारी मुलगी आली होती. सासूबाईंनी तिलाच मानेचे व्यायाम सांगून वाटेला लावलं.

त्यांना उठवताना माझी कंबर धरली. मी कळवळले. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मला ठेवा कुठेतरी." भीती याची वाटली, की मनात लगेच प्रश्न उभा राहिला – कुठे? स्टँडशिवाय!

१५ फेब्रुवारी

नवरा ऑफिसला गेल्यावर सायकल ढकलत नेली आणि स्टँड बसवून आणलं. सायकलवाला म्हणाला, "ताई, हिला स्टँड शोभत नाही हो." म्हटलं, "दादा, मलाही बरंच काही शोभत नाही."

संध्याकाळी नवऱ्याने फ्रेमवर हात फिरवला, आजारी मुलाच्या कपाळावर फिरवावा तसा. मग अबोला. घरात शांतता!

१६ फेब्रुवारी

सायकल उभी आहे. चला, घरात निदान कुणीतरी.

१८ फेब्रुवारी

सायकल सासूबाईंच्या दाराशी सापडली. नवरा म्हणतो, "मी नाही." मीही नाही. म्हणजे हिला पाय दिला तर चालायलाच लागली की काय? अबोला मात्र त्या निमित्ताने सुटला. वाईट झालं.

१९ फेब्रुवारी

सुट्टी. चहा टाकला होता. मागून टिक-टिक-टिक – चाकाचा आवाज. न वळताच ओरडले, "घरात आणायच्या आधी टायर पुसलेस का रे?"

वळले.

सासूबाई! एक हात हँडलवर, एक सीटवर. अख्खा पॅसेज ओलांडून स्वयंपाकघराच्या दारात. घामाघूम. ब्रेक गच्च दाबलेला.

"अगं, बघतेस काय? हे स्टँड पायात येतं. काढून टाक."