आवाज नाही तर पाणी नाही

मंगळवार, दुपारची सुट्टी

ताई,

नमस्कार. आईच्या पायांवर माझ्या वतीने डोकं ठेव आणि तुझ्या चिमुकल्या ठकीचा पापा घे. तिने गाल पुसला तर आणखी एक घे. मी बरी आहे. फोनवर तू मी आले त्या नावेचं विचारलंस की मी विषय बदलते, हे तुझ्या लक्षात आलंच असणार. लहानपणापासून माझी चोरी तूच पकडतेस. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले आहे.

काम ठीक चाललंय. इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. माझ्या घड्यांना तू बोळे म्हणायचीस ना, आता बघशील तर तोंडात बोट घालशील. खोली तिघींची आहे. खिडकीतून समोरची भिंत तेवढी दिसते, पण माझा पलंग वरचा, त्यामुळे वारा लागतो. जेवते वेळेवर.

आता एक गंमत सांगते, हसू नकोस. मी समुद्रात लाटेवर फळी चालवायला शिकते आहे. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या पोरापोरींना एक संस्था दर रविवारी किनाऱ्यावर नेते. अंगाला घट्ट रबरी पोशाख, घोट्याला दोरी आणि दोरीला फळी. तो पोशाख चढवताना आम्ही उशीला अभ्रा घालावा तशा एकमेकींना आत कोंबतो. शिकवणारी बाई पूर्वी बुडणाऱ्यांना वाचवायचं काम करायची. तिला आम्ही लाटबाई म्हणतो. आमची भाषा तिला मोडकीतोडकीच येते, पण बोलते अशी ठासून की चूक आपलीच वाटावी.

मला का पाठवलं तेही सांगून टाकते. लाँड्रीतल्या मोठ्या यंत्रात पाणी भरायला लागलं की मी जमिनीवर पालथी पडायचे, डोक्यावर हात घेऊन. कधी पडले ते मला कळायचंही नाही. मुकादमाला आधी वाटलं, पोरगी कामचोर आहे. मग त्यानेच समाजसेविकेला बोलावलं. ती म्हणाली, पाण्याची भीती पाण्यातच जाते. मला पटलं नव्हतं, पण वाद घालायचं त्राणही नव्हतं.

पहिल्या दिवशी वाळूवरच सराव होता. लाटबाई म्हणाली, "फळीवर पालथे झोपा. मान वर, नजर समोर." आम्ही झोपलो, आणि सगळ्यांनी मान खाली घालून डोक्यावर हात घेतले. एकानेही वर पाहिलं नाही. आम्ही वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून निघालेलो, पण नावाड्यांनी सगळ्यांना तेच शिकवलं होतं. लाटबाई आमच्या शेजारी वाळूत पालथी झोपली आणि म्हणाली, "बरं. आज एवढंच."

तिचा एक नियम आहे. पाण्यात पडलात की वर येऊन आधी ओरडायचं, "आहे." फळी नंतर शोधायची. जो ओरडत नाही त्याला ती बाहेर काढते. "आवाज नाही तर पाणी नाही," म्हणते. बाकीचे हळूहळू ओरडायला शिकले. मी वर यायचे, तोंड उघडायचे आणि काही निघायचंच नाही. मग रविवारभर भिजल्या मांजरासारखी वाळूत बसून राहायचे.

नाव कशी होती, हे तू विचारते आहेस. मी तेव्हा फक्त "पोचले" एवढंच कळवलं होतं.

निघताना नावाड्याने सांगितलं, मान वर करायची नाही, तोंडातून आवाज काढायचा नाही, गस्तवाले ऐकतील. माझ्या शेजारी एक बाई होती आणि तिच्या कुशीत ठकीएवढी मुलगी. निळा स्वेटर, उलटा घातलेला. तिने माझ्या वेणीचं टोक मुठीत धरलं होतं, मधूनच तोंडात घालायची, आपली ठकी घालते तसं. मग एक लाट आडवी आली. नाव उलटली वगैरे नाही. फक्त माझी वेणी हलकी झाली.

तिची आई उठायला लागली, तर दोघांनी तिला दाबून धरलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. कुणी ओरडलं नाही. मीही नाही. नाव थांबली नाही.

मागच्या रविवारी मी फळीवरून पडले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि वर आल्यावर माझा आवाज फुटला. "आहे" नाही म्हणाले मी. "पोर पडली, नाव थांबवा," असं ओरडत सुटले. लाटबाई पोहत आली, मला धरलं आणि विचारलं, "कुठे?" मी बोट दाखवलं. आणि ताई, ती खरंच शोधायला लागली. बुडी मारली, वर आली, पुन्हा मारली. मग एकेकाला हाक मारली, एकेकाने "आहे" म्हटलं. कुणीच कमी नव्हतं. तेव्हा तिला कळलं. तरी ती आणखी एकदा खाली जाऊन आली. त्या मुलीला तोवर कुणी शोधलंच नव्हतं गं.

मी बरी झाले असं समजू नकोस. काल पुन्हा यंत्रापुढे पालथी पडले होते.

नाववाल्याला महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय, म्हणालीस. तिकडे काय चाललंय ते मला ठाऊक आहे. तू म्हणशील, स्वतः गेली आणि आता आम्हाला अडवते. म्हण. तिथे तुमच्यापैकी कुणाला काही झालं तर ते माझ्या माथी असेल, हेही मला कळतं. तरी सांगते, ठकीला त्या नावेत घालू नकोस. तुम्हा तिघींसाठी समाजसेविकेने इथे अर्ज केलाय. वेळ लागेल, कदाचित नाहीच म्हणतील. याहून चांगलं तुला द्यायला माझ्याकडे काही नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

पत्र मिळालं की फोन कर. शिव्या द्यायच्या तेवढ्या दे, या वेळी मी विषय बदलणार नाही. पण आधी ठकीला फोनवर घे आणि तिला एकच शब्द म्हणायला लाव. मोठ्याने म्हणू दे.

आहे,
तुझी धाकटी