अंपायरने दिलं नव्हतं

अण्णा, परवा रविवारी अंपायरने आउट दिलेलं नसताना मी निघालो. इकडे परदेशात, ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी आम्ही सात-आठ मराठी घरं जमतो, टेनिस बॉलने खेळतो आणि मग हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर जेवतो. बॉल बॅटला चाटून कीपरकडे गेला, कुणाला कळलंही नाही, आणि मी बॅट काखेत मारून चालायला लागलो. तुमची नात भडकली. "बाबा, व्हाय यू वॉक? अंपायर नेव्हर गिव्ह, लाह!" म्हटलं, तुझ्या आजोबांनी शिकवलंय. बोलून गेलो आणि लाज वाटली. कारण जिथे खरोखर निघायला हवं होतं तिथे मी ढिम्म उभा राहिलो, आणि भोगलंत तुम्ही.

तुम्ही राज्याकडून अकरा वर्षं खेळलेले. मी बारा वर्षांचा असताना झेल गेल्यावर अंपायरच्या तोंडाकडे बघितलं, म्हणून तुम्ही सगळ्या मैदानासमोर माझ्या कानफटात दिली होती. "लागला की निघायचं. त्याला काय विचारतोस, तुला माहीत नाही?" खेळणं संपल्यावर तुम्ही अंपायर झालात. बिनहेल्मेटच्या दिवसांत बाउन्सर बसून तुमचा एक कान अधू झाला होता, हे मात्र फक्त घरात माहीत. आई कायम तुमच्या उजव्या हाताला बसून बोलायची.

मी वीस वर्षांचा. निवड समितीचे लोक बघायला आलेत आणि नेमका एक अंपायर उगवलेला नाही. मुलाच्या सामन्यात बाप उभा राहत नाही, तुम्ही नाहीच म्हणत होतात. पण दोन्ही कॅप्टन मागे लागले, "अण्णा, तुमच्यावर कोण संशय घेणार?" मी सात धावांवर असताना बॅटची एज लागली, झेल कीपरकडे. हाताला स्पष्ट कळली. अकरा जण ओरडले, तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला ऐकू आलं नाही, हे त्या मैदानावर एकट्या मला ठाऊक होतं. मी खाली बघून क्रीज उकरत राहिलो. पुढे शंभर मारले. त्या शंभरावर राज्याच्या संघात गेलो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात पोहे परतताय. पाठमोरेच विचारता, "खरं सांग, लागला होता का रे?" मी म्हणतो, "नाही अण्णा, पॅडला घासला." "मग झालं तर," असं म्हणून तुम्ही माझ्या बशीत लिंबाची फोड ठेवता. बस, एवढंच. तिथे सांगितलं असतं तर फार तर आणखी एक कानफटात बसली असती!

अण्णांनी पोराला वाचवलं, असं क्लबात जो तो बोलायला लागला. तुम्ही प्रत्येकाला तोंडावर सांगायचात, "पोरगा नाही म्हणतो ना? मग नाही." कानाचं सांगून सुटू शकला असतात, तेही केलं नाहीत. पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून परत देऊन आलात आणि मैदानाकडे जाणंच सोडलंत. संध्याकाळी पाच वाजले की अस्वस्थ व्हायचात, चपला घालायचात, काढून ठेवायचात. मला चार सामन्यांनंतर वगळलं. मी जहाजांच्या नोकरीला इकडे निघून आलो. तुम्ही गेल्यावर आई फोनवर म्हणाली, "शेवटपर्यंत सांगत होते, जगाने काही म्हणू दे, माझा मुलगा माझ्याशी खोटं बोलला नाही." मी "हं" म्हणालो.

आता हे सगळं लिहिलं, तर वाटलं होतं मोकळं वाटेल. कसलं काय. अण्णा, आणखी एक सांगतो, मग कागद फाडतो. तुम्ही आज समोर बसून विचारलं असतंत ना, तर मी पुन्हा नाहीच म्हणालो असतो.